कर्ज मंजूर झाले की होणार? इंग्रजीतले काळ ओळखा



बँकेचे, विमा कंपनीचे किंवा मुलांच्या कॉलेजचे इंग्रजी पत्र घरी येते. लोन, क्लेम, अ‍ॅडमिशन हे शब्द आता सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहेत. पण काम झाले, चालू आहे की व्हायचे आहे, हे क्रियापदावरूनच कळते. तिथे वाचण्यात चूक झाली, तर पैसा हाती येण्याआधीच खताची उधारी करून माणूस अडकतो.

'सँक्शन्ड' हा एकच शब्द घ्या. त्याच्या मागे काय आहे ते पाहावे.

'हॅज बीन सँक्शन्ड' : मंजूर झाले आहे.
'विल बी सँक्शन्ड' : पुढे मंजूर होईल.
'मे बी सँक्शन्ड' : होईल किंवा होणारही नाही. यावर व्यवहार ठरवू नये.
'हॅड बीन सँक्शन्ड' : पूर्वी मंजूर झाले होते. नंतर काय घडले, ते पुढच्या वाक्यात शोधा.

'इज बीइंग प्रोसेस्ड' असेल तर कागद अजून टेबलावरच आहे. करारनाम्यातले 'शॅल पे' हे नुसते भविष्य नव्हे. भरलेच पाहिजे, असे ते बंधन असते.

घोळ होतो तो आपल्या बोलण्याच्या सवयीने. बाहेरून कुणी हाक मारली की आपण 'आलोच' म्हणतो, आणि पायात अजून चप्पलही नसते! इंग्रजीत 'आय केम' म्हटले की माणूस येऊन पोचलेला असतो. तिथे 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणावे लागते. 'ऊस काल तुटला आहे' हे मराठीत खपते. इंग्रजीत 'यस्टर्डे' आले की 'हॅज' चालत नाही, 'वॉज कट यस्टर्डे' असेच हवे. 'मी दहा वर्षे ऊस लावतो' याचे 'आय ग्रो केन फॉर टेन इयर्स' होत नाही. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेले काम आजही चालू आहे, म्हणून 'आय हॅव बीन ग्रोइंग केन फॉर टेन इयर्स'. नुसता धंदा सांगायचा असेल तर 'आय ग्रो केन' पुरे.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. तेव्हा पत्र आले की घरातल्या मुलामुलींना प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला सांगा आणि झाले, चालू की होणार, हे विचारा. त्यांचा अभ्यास होईल आणि आपली सही समजून होईल.