मठ सांभाळणाऱ्या दोघीजणी

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी झाला, हे इकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. समर्थांनी पुढे कृष्णाकाठी मठ उभे केले. त्यांतल्या मिरजेच्या मठाची गादी एका बाईकडे होती, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. तिचं नाव वेणाबाई.

वेणाबाई मूळच्या कोल्हापूरच्या. सासर मिरजेच्या देशपांड्यांचं, म्हणजे वतनदार घर. पण वैधव्य आलं लहानपणीच. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला माजघराचा कोपरा यायचा. वेणाबाई समर्थांचं कीर्तन ऐकू लागल्या आणि लोकांच्या जिभा सुटल्या. घरच्यांनी त्यांना विष दिलं, त्यातून त्या वाचल्या, असं परंपरा सांगते.

आता तुम्ही म्हणाल, मठ चालवायचा म्हणजे एवढं काय? अहो, देवाची पूजा, उत्सव, भिक्षा, आल्यागेल्याचं जेवण, शिष्यांना उपदेश हे तर झालंच. आणि सर्वांत अवघड म्हणजे चार लोकांपुढे उभ्यानं कीर्तन करणं. विधवेनं लोकांपुढे उभं राहायचं! समर्थांनी ती मोकळीक त्यांना दिली. मिरज तेव्हा आदिलशाही अंमलात होतं, हेही ध्यानात घ्या.

त्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे काव्य रचलं. त्यात लग्नघरातला थाटमाट, विधी, बायकांची लगबग अशी रंगून आली आहे, की आपला संसार लवकर मोडलेल्या बाईनं हे लिहिलंय, हे आठवलं म्हणजे जीव गलबलतो.

दूरच्या जर्मनीत पाचशे वर्षं आधी असंच काही घडलं होतं. हिल्डेगार्ड ही सरदारघराण्यातली मुलगी. लहानपणीच तिला मठात दिलं. पुढे ती जोगिणींची प्रमुख झाली, आणि ११५०च्या सुमारास तिनं त्यांच्यासाठी वेगळा मठ काढला. जुन्या मठाचा मुख्य तिला सोडायला राजी नव्हता. बड्या घरच्या मुलींबरोबर मठाला धन मिळे ना! आपल्याकडे वेणाबाईंबरोबर आली ती फक्त लोकनिंदा. हा फरक मला मोठा वाटतो.

वेणाबाई १६७८ साली सज्जनगडावर वारल्या. १६८२ साली समर्थही गेले. मग चाफळ-सज्जनगडाचा भार दिवाकर गोसाव्यांबरोबर उचलला तो अक्काबाईंनी. त्या कऱ्हाडच्या देशपांडे घराण्यातल्या. १७०० साली मोगलांनी सज्जनगड घेतला, तेव्हा त्यांनी देवाच्या मूर्ती वासोट्याला हलवल्या, असं सांगतात. नुसती कल्पना करा, जावळीचं रान, पाठीवर फौज आणि सोबत देव! १७२१ साली त्या वारल्या. म्हणजे समर्थांमागे जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी कारभार पाहिला.

जांबची मंडळी सज्जनगडाला जातात, समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन परततात. पुढच्या खेपेला जरा थांबा. या दोघींच्या समाध्याही त्याच गडावर आहेत.