स्मृतिपदके, आरमारी

आरमारी विजय, युद्धनौका किंवा नौसेनानी यांच्या स्मरणार्थ पाडलेली धातूची पदके. शासन शौर्याबद्दल वा सेवेबद्दल सन्मानपदके देते. स्मृतिपदके मात्र पुष्कळदा खाजगी व्यक्तींनी पाडून वाटलेली वा विकलेली असतात.

१ ऑगस्ट १७९८ रोजी हॉरेशिओ नेल्सन (१७५८–१८०५) याने नाईलच्या लढाईत फ्रेंच आरमाराचा पराभव केला. भारतावरील फ्रेंच संकट टळल्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीने त्यास १०,००० पौंड दिले. त्याचा मित्र व अडत्या अलेक्झांडर डेव्हिसन याने स्वखर्चाने बर्मिंगहॅमच्या सोहो टाकसाळीत पदके पाडून घेतली. हुद्द्यानुसार ती सोने, चांदी, सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझ व साधे ब्राँझ यांची होती. मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणीही याच टाकसाळीत पाडली गेली होती.

नेल्सनची १७९९ पासूनची ध्वजनौका ‘फूद्रॉयंट’ १८९२ मध्ये मोडीत विकली गेली. लोकक्षोभानंतर व्हीटली कॉब याने ती परत मिळविली. परंतु १६ जून १८९७ रोजी वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर ती फुटली. सागरी किडीपासून संरक्षणासाठी लाकडी जहाजांच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकीत. या जहाजाच्या तांब्याची पदके पाडून विकण्यात आली.

तिच्या जागी कॉबने ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट घेऊन तिलाही ‘फूद्रॉयंट’ हेच नाव दिले. ही नौका मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधली जाऊन १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडण्यात आली होती. ओकच्या टंचाईमुळे ब्रिटिश नौदलाला सागवान हवे होते. प्रशिक्षणनौका म्हणून ती १९८६ पर्यंत वापरात राहिली. १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले. सांप्रत ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे असून, अद्याप तरंगणारी ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका होय.

नामसाम्यामुळे संग्राहकाची फसगत होण्याचा संभव असतो. १८९७ च्या अपघाताचे स्मारक असलेल्या पदकांतील तांबे नेल्सनच्या जहाजाचे आहे. मुंबईच्या जहाजाचे नव्हे. म्हणून पदकावरील मजकूर व वर्ष जहाजाच्या इतिहासाशी पडताळून पाहावे लागते. वजन, कड व ठशाची रेखीवता यांवरून नकला ओळखण्यास साहाय्य होते. तांब्याची पदके चिंच वा अन्य आम्ल पदार्थांनी घासू नयेत. कालौघात पृष्ठभागावर चढलेला गडद थर त्यामुळे नाहीसा होतो व पदकाचे मोल घटते.