दोन औंसांचा हिशेब

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने प्रौढ रहिवाशास स्वतःच्या घरी गांजाची तीन झाडे लावण्याची मुभा मिळाली. आणि जी वनस्पती हिमालयाच्या पायथ्याशी ओढ्याकाठी, उकिरड्यावर, कोणाचीही परवानगी न घेता पुरुषभर उंच वाढते, तिच्यासाठी वाढीचे द्रव वेगळे, फुलोऱ्याचे वेगळे आणि मुळांचे वेगळे, अशा बाटल्यांचा जामानिमा बाजारात मांडलेला आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यान्वये विनापरवाना लागवड हा दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा असल्याने हा उद्योग आपल्या गच्चीवर करावयाचा नाही. परंतु झाडाला मातीतून हवे तरी किती, हा त्या बाटल्यांमागचा प्रश्न टोमॅटोच्या कुंडीलाही तितकाच लागू आहे.

या प्रश्नाचे तराजूवर तोललेले उत्तर सतराव्या शतकात व्हान हेल्माँट या फ्लँडर्समधील वैद्याच्या हाती आले होते. भट्टीत वाळविलेली २०० पौंड माती कुंडीत भरून तीत ५ पौंडांचे विलोचे रोप त्याने लावले, पाच वर्षे पाण्यावाचून काही घातले नाही, आणि अखेरीस झाड उपटून तोलले तेव्हा ते १६९ पौंडांचे भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती अवघी दोन औंस, म्हणजे साठेक ग्रॅम, घटलेली. झाड पाण्याचेच घडते, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो चुकला, कारण पानांनी हवेतून उचललेला कर्बवायू त्याच्या जमाखर्चात नोंदलेलाच नव्हता. पण ज्या दोन औंसांकडे त्याने काणाडोळा केला, त्यांतच झाडाने मातीकडून वसूल केलेली सारी खनिजे होती. १८६० च्या सुमारास जर्मनीतच झाक्स आणि क्नोप या शास्त्रज्ञांनी माती अजिबात वगळून मोजक्या क्षारांच्या द्रावणावर रोपे वाढवून दाखविली. आजच्या बाटल्या त्या द्रावणाच्याच वारसदार होत.

माती मात्र खजिन्यासारखी वागते. चिकणमाती व कुजलेले शेणखत यांच्या कणांवर ऋण विद्युत्भार असल्यामुळे पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे धनभारित कण त्यांना चिकटून राहतात आणि मुळांच्या मागणीप्रमाणे सुटत जातात. नायट्रेटच्या रूपातील नत्र ऋणभारित, म्हणून ते पाण्याबरोबर कुंडीच्या बुडातून निघून जाते, आणि ही तूट भरून काढणे हेच खताचे मुख्य काम. इंग्रजी अमदानीत बंगालमधील नौगाव येथे सरकारी परवान्याने गांजा पिकविणारे शेतकरी शेणखत आणि पेंड घालीत. पेंडीतील नत्र जीवाणूंनी ती कुजविल्याखेरीज मोकळे होत नाही, त्यामुळे पुरवठ्याची हप्तेबंदी आपोआपच होते.

ती मोडली म्हणजे काय घडते, याचा दाखला माझ्याच गॅलरीतला आहे. टोमॅटोचे वीतभर रोप वाढेना, म्हणून एका संध्याकाळी चमचाभर युरिया, ज्यात शेकडा ४६ भाग नत्र असते, मी बुंध्याशी टाकला. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा चहात बुडवून वाळविलेल्या कागदासारख्या तपकिरी होऊन वर वळल्या. मातीतील द्रावण मुळांतील रसाहून दाट झाले की पाणी आत शिरण्याऐवजी बाहेर ओढले जाते, आणि ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानेने मरते. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, तोच हा प्रकार.

उपासमारीची तक्रार झाड स्वतःच नोंदविते. फक्त ते दप्तर वाचता आले पाहिजे. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात, कारण त्यांतले नत्र काढून झाड शेंड्याकडे धाडते. लोह कमी पडले तर उलट कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, कारण पानात एकदा बसलेले लोह सहसा हलत नाही. आमच्याकडे बोअरचे जड पाणी येते. अशा पाण्याने माती हळूहळू अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्यावर बाटल्या ओतणे म्हणजे भरलेल्या कोठाराच्या बंद दाराशी आणखी पोती आणून टाकणे होय.

कुंडीतली झाडे तरीही उपासापेक्षा पाण्यानेच अधिक मरतात, असे माझे मत आहे. मुळांनाही प्राणवायू लागतो. मातीतील पोकळ्या सदैव पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे कुजतात, पाने मलूल होतात, आणि मलूल पाने पाहून दयाळू माणूस आणखी एक तांब्या ओततो. तेव्हा तांब्या किंवा बाटली उचलण्याआधी वाचकांनी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली, तर त्या दिवशी कुंडीला काही देऊ नये.