टर्कीच्या खिम्याचे रसाळ बर्गर

टर्की हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतील. तेथे त्याच्या खिम्याच्या चपट्या वड्या निखाऱ्यांवर भाजून पावात घालून खातात. आपल्याकडेही काही कुक्कुटपालक टर्की पाळतात. परंतु मांस कोरडे लागते, अशी तक्रार ऐकू येते. छातीच्या मांसात चरबी अत्यल्प असते, हे त्याचे कारण. यास्तव खिम्यात मांडीचे मांस अवश्य मिसळावे. अर्धा किलो खिम्यास पावाचा एक काप दुधात भिजवून, कुस्करून घालावा. तो ओलावा धरून ठेवतो. किसलेला कांदाही चालेल. मीठ मात्र खिम्यात मळू नये, त्याने वडी चिवट होते. ते भाजण्यापूर्वी वरून लावावे. वडीच्या मध्यभागी अंगठ्याने खळगा करावा, म्हणजे ती फुगत नाही. जाळीस तेल पुसावे. भाजताना उलथन्याने दाबण्याची अनेकांना खोड असते. तेणेकरून सारा रस निखाऱ्यांत जातो.

रस राहावा म्हणून वडी अर्धीकच्ची उतरविणे मात्र धोक्याचे आहे. पक्ष्यांच्या मांसात साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. वडीच्या गाभ्याची उष्णता ७४ अंश सेल्सिअस झाली पाहिजे. रंगावर विसंबू नये. स्वयंपाकाच्या तापमापकाची सुई बाजूने गाभ्यापर्यंत खुपसून पाहावी, व तेवढा अंक दिसताच वडी तत्काळ उतरवावी.