रिकाम्या गाडीचा काटा

आमचा वजनकाटा पैठण रोडला लागून आहे, चितेगावातून बिडकीनकडे निघालं की लगेच. गेली तीस वर्षं माझे वडील, अण्णा, तिथल्या केबिनमध्ये बसतात. कापूस, मका, भंगार, कंपन्यांचा पत्रा, काय वाटेल ते भरलेली गाडी येते. आधी भरलेल्या गाडीचा काटा होतो, माल उतरवून आली की रिकाम्या गाडीचा. वजा करायचं, उरेल तो माल. पावतीवर तिन्ही आकडे छापून येतात. शाळेतल्या बाईंच्या आधी वजाबाकी मला अण्णांनी शिकवली, ती अशी.

चौथीत होते. दुपारी अण्णांचा डबा घेऊन काट्याच्या लोखंडी प्लेटवरून चालले होते, तेवढ्यात एक ड्रायव्हर ओरडला, “अण्णा, पोरीचा बी काटा करा की! गाडी फुल्ल भरून आलीय!” सगळे हसले. अण्णाही हसले. मीसुद्धा हसले. त्या ड्रायव्हरचा चेहरा आज आठवत नाही, उन्हाने तापलेल्या प्लेटवर पोळलेले तळपाय आठवतात.

पंधरा वर्षांनी शहरातल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, “आत्ताचं वजन राहू द्या. मोठं झाल्यापासूनचं सगळ्यांत जास्त वजन किती होतं? आणि ते कधी?” मला एकदम काट्याची पावती आठवली. बाई तीच वजाबाकी करत होत्या.

मला बुलिमिया होता. माझ्या वजनाचे आकडे मात्र मी इथे देणार नाही. एखादी मुलगी ते स्वतःच्या आकड्यांशी ताडून बघेल. मीही तेच करायचे.

‘बुलिमिया’ हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ ‘बैलाची भूक’. पोळ्याला आम्ही बैलाला पुरणपोळी भरवतो. पण बैल पोट भरलं की मान फिरवतो. या आजारात मान फिरवता येत नाही. थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातं, आपला हात आपल्या ताब्यात नाही असं वाटतं. मग ते अंगी लागू नये म्हणून उलट्या, जुलाबाची औषधं, कडक उपवास किंवा अंग मोडेपर्यंत व्यायाम. असं आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने होत राहिलं आणि त्या माणसाने स्वतःची किंमत वजनावरच ठरवली, तर डॉक्टर त्याला बुलिमिया म्हणतात.

माझं सुरू झालं कॉलेजला, शहरात उस्मानपुऱ्यातल्या हॉस्टेलवर. बारावीनंतरच्या सुट्टीत मी वजन खूप उतरवलं होतं. गावात कौतुक झालं, “बारीक झाली गं, छान दिसायलीस.” ते टिकवायचं म्हणून सोमवार, गुरुवार, शनिवार धरले. आपल्याकडे ‘उपवास आहे’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. उलट पुण्य पदरात पडतं.

आईने महिनाभर पुरतील म्हणून शेंगदाण्याचे लाडू दिले होते. एका गुरुवारी संध्याकाळी एक घेतला. खोलीत कुणी नव्हतं. दिवा न लावता, कपाटाचं दार धरून, उभ्या उभ्या मी डबा रिकामा केला. तिसऱ्या लाडवानंतर चव लागली नाही. नंतर डबा घासून पालथा घातला. आईने विचारलं तर मैत्रिणींनी फस्त केले म्हणायचं, हेही ठरवून टाकलं. पोटातलं बाहेर काढायची सवय त्याच आठवड्यात लागली. शुक्रवारपासून आणखी कडक उपवास.

एकादशी, दुप्पट खाशी. ही म्हण आपण चेष्टेने म्हणतो, पण तिच्यात शरीराचा नियम आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजनं जवळजवळ चौथाईने उतरली. ते तरुण दिवसभर अन्नाबद्दलच बोलू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. पुन्हा पोटभर अन्न मिळाल्यावर काही जण पोट टम्म झालं तरी खातच राहिले. त्यांतल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. उपाशी शरीर तसंच वागतं.

डॉक्टर बाईंच्या वजाबाकीचं मूळ इथे आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ३० रुग्णांची हकिकत लिहून या आजाराला नाव दिलं. त्यांतल्या बहुतेकांची आधी कधीतरी उपासमारीने वजनं घटलेली होती. दिसायला ठीकठाक असले तरी स्वतःच्या पूर्वीच्या निरोगी वजनाच्या ते खाली होते. पुढे ड्रेक्सेल विद्यापीठातले मायकेल लोव आणि इतरांनी हाच फरक मोजला. सर्वांत जास्त वजन वजा आजचं वजन. हा फरक मोठा असेल तर खाण्याचे झटके जास्त येतात आणि आजार चिवट होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं. सगळ्यांचं एकमत नाही, पण प्रश्न विचारण्याजोगा नक्की आहे.

कारण नुसतं आजचं वजन बघून या आजाराचा पत्ता लागत नाही. स्वतःला उपाशी ठेवण्याच्या अ‍ॅनोरेक्सिया या आजारातली मुलगी वाळत जाते, घरच्यांना दिसतं. बुलिमियातली बहुतेक माणसं चारचौघांसारखी दिसतात, काही जाडही असतात. मला एका दवाखान्यात ‘वजन तर नॉर्मल आहे’ म्हणून पित्ताच्या गोळ्या देऊन परत पाठवलं होतं. माझं ‘नॉर्मल’ वजन माझ्या शरीराच्या लेखी उपासमारीचं होतं.

अशा रुग्णांत लहानपणी जाड असलेले आणि घरात वजनावरून बोलणी खाल्लेले बरेच आढळतात, असं ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या १९९७ च्या अभ्यासात दिसलं. ते वाचताना माझे तळपाय पुन्हा पोळले. पण टोमणा एकटा आजार घडवत नाही. आनुवंशिकता, स्वभाव, उदासी, डाएटचं वेड, असा बराच माल एका गाडीत भरलेला असतो. पुरुषांनाही हा आजार होतो.

माझं बिंग दाढ दाखवायला गेले तेव्हा फुटलं. दातांच्या डॉक्टरांनी छोटा आरसा वरच्या पुढच्या दातांमागे धरला आणि हळूच विचारलं, “उलट्या होतात का वारंवार?” पोटातलं आम्ल दातांच्या आतल्या बाजूचं कवच झिजवतं. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर झीज वाढते, त्यापेक्षा साध्या पाण्याने चूळ भरावी. कानाखालच्या लाळग्रंथी सुजून चेहरा गोल दिसतो, मला ते ‘गाल वर आलेत’ वाटायचं आणि मी आणखी उपाशी राहायचे. घसा धरतो, पाळी पुढेमागे होते, पायांत गोळे येतात. सगळ्यांत घातक म्हणजे रक्तातलं पोटॅशियम घटतं, त्याने हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. घरच्यांच्या लक्षात येऊ शकेल ते असं: जेवण होताच मोरीत जाणं, डबे अचानक रिकामे होणं, सगळ्यांसोबत जेवायला टाळाटाळ, वजन सतत वरखाली.

आणि एवढं करून हाती काय लागतं? उलटीने पोटातलं सगळं बाहेर येत नाही. जुलाबाच्या गोळीने जातं ते बहुतेक पाणीच, प्यायलं की परत येतं.

उपचार ऐकून मी आधी चिडले होते. खाणं आवरायला आलेल्या मला बाई म्हणाल्या, खा. तीन वेळचं जेवण, मध्ये दोनदा थोडं काही, तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नको. काय खाल्लं, तेव्हा मनात काय होतं, हे वहीत लिहायचं. वजन आठवड्यातून एकदाच, तेही त्यांच्यासमोर. या विचार-वर्तन उपचाराच्या साधारण वीस बैठका होतात. काहींना फ्लुओक्सेटिन हे औषधही देतात. मी बैठकांना काळी-पिवळीने जायचे, पर्समध्ये चारच्या खाण्यासाठी राजगिऱ्याचा लाडू. दोन महिन्यांत झटके निम्म्यावर आले. मधे दोनदा घसरलेही. उपवास सगळे सोडले. आजी कुरकुरली, मग म्हणाली, “नाथमहाराज काही तुझं ताट मोजत नाहीत.”

ज्यांना शहरातल्या खासगी डॉक्टरांकडे जाणं परवडत नाही, त्यांच्यासाठी तिथल्याच सरकारी घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांना त्या ड्रायव्हरचं बोलणं सांगितलं. त्यांना काहीच आठवेना. बराच वेळ ते खिडकीतून प्लेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हा काटा दहा-दहा किलोच्या पटीत बोलतो. तू जेवून आलीस का उपाशी आलीस, याला कळत बी नाही.”

दीड वाजला होता. मी डबा उघडला, एक भाकर त्यांना दिली, एक मी घेतली.