पेन्सिलीतलं नाव

पहाटे साडेपाच. चहाच्या आधी पिशवी तपासतो. पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डरची) प्रत, डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स (कोरी पानंसुद्धा), दोघांची आधार कार्डं, जोडीचा फोटो, प्रतिज्ञापत्राचा मसुदा. फौजेत चोवीस वर्षं मी क्लार्क होतो. आता गावोगावच्या माजी सैनिकांची कागदपत्रं दुरुस्त करून देतो. त्याचे पैसे घेत नाही. भरतीला आलेल्या पोरांची नावं मीही कानाला आली तशी इंग्रजीत लिहिली आहेत. त्यातली किती चुकली असतील, हा विचार पाठ सोडत नाही.

साडेसहाला एसटी थांब्यावर गेलो, तर आप्पा आणि आजी माझ्याआधी हजर. आप्पा ७९ वर्षांचे, एकाहत्तरच्या लढाईत होते, नाईक म्हणून पेन्शनीवर आले. छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक धरलेलं.

साताऱ्यापर्यंत तासभराचा रस्ता. पुस्तक मांडीवर घेऊन पुन्हा एकदा पानं उलटली. आजींच्या नावाची चूक आमच्या मुलखात घरोघरी सापडते तीच. माहेरची हौसा लग्नात शालन होते. नवरा सुट्टी संपवून पलटणीत जातो, कंपनीतला क्लार्क बायकोचं नाव विचारतो आणि हा लग्न ठरताना ऐकलेलं नाव सांगून मोकळा होतो. ते पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे नोंदीच्या आदेशाला लागतं, तिथून शीट रोल या सेवापत्रकावर, तिथून पीपीओवर जातं. इकडे त्या बाईचं आधार, रेशन कार्ड, बँकेचं खातं सगळं सासरच्या नावानं. नवरा आहे तोवर कुणाचं काही अडत नाही. तो गेला, की कुटुंब पेन्शन मागायला आलेली बाई आणि कागदावरची बाई एकच, हे सिद्ध करायचं ओझं तिच्यावर पडतं. म्हणून मी प्रत्येक बैठकीत एकच गोष्ट घसा फोडून सांगतो: बाबांनो, हात सही करतोय तोवर बायकोचं नाव तपासून घ्या.

आजींच्या नोंदीत जन्मतारीखही नाही. पेन्शन घेणाऱ्याला वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. विधवेलाही हेच लागू आहे. पण तारीखच नसेल, तर तिचं वय मोजायचं कशावरून?

पानाच्या कडेला मला बारीक अक्षर दिसलं. छापील रकान्यातल्या नावाखाली पेन्सिलीनं आजींचं सासरचं नाव लिहिलेलं.

"आप्पा, हे कुणी लिहिलं?"

"म्याच की. घरी आल्यावर. चुकलंय म्हणून कळलं व्हतं, पर सांगायचं कुणाला?"

पेन्सिलीच्या नोंदीला कार्यालयात काडीची किंमत नाही. उलट डिस्चार्ज बुकात हातानं काही लिहिलं तर खाडाखोड केल्याचा संशय येतो. मी ते आप्पांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

दहा वाजता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. अर्जावर सही-शिक्का इथूनच घेऊन पुढे पाठवतो. रांगेत एक निवृत्त सुभेदार भेटले. त्यांच्या आधारवर जन्मतारीख १ जून, फौजेच्या कागदावर वेगळीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली आमची एक अख्खी पिढी आहे. ते फौजेची नोंद बदलायला निघाले होते. मी थांबवलं. आधी कुठला कागद चुकलाय ते बघावं. चूक आधारमधली असेल तर आधार दुरुस्त करावं, आणि तेही विचार करून, कारण तिथे जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा.

साडेअकरा ते दोन कोर्टाच्या आवारात गेले. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर प्रतिज्ञापत्र झालं: दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. तिथून दोन वर्तमानपत्रांत, एका मराठी आणि एका इंग्रजी, जाहीर सूचना दिली. इंग्रजी स्पेलिंग मी तीनदा वाचून घेतलं. आधारवर जे अक्षर तेच इथे पाहिजे. एक जादा 'ए' पडला तरी सगळं पहिल्यापासून.

दुपारी झाडाखाली भाकरी सोडली. आजींनी शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवली.

तीनला मी दोघांना पुढची वाट समजावली. सूचनेची कात्रणं हाती आली, की सगळा गठ्ठा स्पीड पोस्टानं रेकॉर्ड ऑफिसला जाईल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं असेल तर बेळगाव, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, महारचं सागर. तिथे दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघते, मग प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून सुधारित पीपीओ येतो आणि तो पेन्शनच्या ऑनलाइन 'स्पर्श' प्रणालीत दिसतो. किती दिवस लागतील, ते मी कधीच सांगत नाही. पावती जपा आणि महिन्यानं मला फोन करा, एवढंच सांगतो.

संध्याकाळी सहाची परतीची गाडी. आप्पांनी पुस्तक उघडलं आणि त्या पानावर बोट ठेवून विचारलं, "मग ही पेन्सील खोडून टाकू का?"

मी उत्तर द्यायच्या आधीच आजींनी पुस्तक हातातून घेतलं, मिटलं आणि पिशवीत घातलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.