विश्लेषण : रिक्षाच्या ॲपवर ‘टिप’ वाढवताना आपण नेमके काय करतो?

संध्याकाळचे सात, धो धो पाऊस आणि ॲप अजून रिक्षाच शोधते आहे. तेवढ्यात बटणे येतात : १०, २०, ३० रुपये. टिप दिली तर रिक्षा लवकर मिळेल म्हणे. आपण २० दाबतो, मग ३०. नाव टिप असले तरी हा लिलाव आहे आणि आपण बोली लावली आहे.

आक्षेप काय होता?

प्रवासाआधी टिप मागणे अनैतिक आहे, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी मे २०२५ मध्ये म्हटले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस बजावली. टिप सेवेनंतर द्यायची, हा मुद्दा बरोबरच. पण खरी गोची लिलावाच्या नियमांत आहे.

नियम बदलला की बोली का बदलते?

समजा, रिक्षा एक, प्रवासी तीन. ते जास्तीत जास्त ६०, ४० आणि १० रुपये जादा द्यायला तयार आहेत. बोलीएवढेच पैसे कापले जाणार असतील तर खरा आकडा कोणी सांगत नाही. ६०वाला ३० लावून बघतो आणि रिक्षा ४०वाला ३५ लावून घेऊन जातो. आता नियम बदला. बोली बंद, रिक्षा सर्वांत मोठ्या बोलीला, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढे. मग ६०वाला बिनधास्त ६० लावतो, कारण भरायचे ४०च. अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये हे दाखवून दिले. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

टिपच्या बटणांचे काय?

स्पर्धेत किती प्रवासी आहेत, हे इथे दिसत नाही. शून्यावरही रिक्षा आली असती का, हे नंतरही कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी आपण थेट ३० दाबतो. बटणावरचा आकडा ॲपने ठरवलेला, पण तोच ‘रेट’ वाटू लागतो. चालकालाही थोडे थांबणे परवडते. टिप वाढली तर वाढली. मागे राहतो तो टिप न देणारा, मग त्याला दवाखान्यात जायचे असले तरी.

दुसरी पद्धत आहे?

रशियातील याकुत्स्क शहरात सुरू झालेल्या इनड्राइव्हवर प्रवासी भाडे सुचवतो. चालक ते स्वीकारतात किंवा जास्त मागतात आणि प्रवासी त्यांतून निवडतो. नकार आला तर दोन मिनिटेच जातात, त्यामुळे सुरुवात कमी आकड्याने करायला हरकत नसते. पावसात भाव इथेही चढतो, पण चालकांनी मागितलेले आकडे समोर दिसत असतात.